गाडी वेगळी, चौकशीची खिडकी वेगळी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'तुमच्या मोबाइलमध्ये ब्राउझर कोणता आहे?' असा प्रश्न विचारला की बहुतेकजण 'गूगल' असं उत्तर देतात. 'मग सर्च इंजिन कोणतं वापरता?' या प्रश्नाचं उत्तरही 'गूगल'च येतं. मी ज्येष्ठ नागरिकांसाठी संगणकाचे आणि मोबाइलचे वर्ग घेतो, तिथला हा नेहमीचा अनुभव. पण यात आपल्याकडच्या आजीआजोबांनाच हसण्याचं कारण नाही. २००९ साली गूगल कंपनीच्याच माणसांनी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर चौकात कॅमेरा घेऊन येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारलं होतं, की ब्राउझर म्हणजे काय? बरोबर उत्तर देणारे शेकडा आठसुद्धा निघाले नाहीत. बाकीच्यांनी 'ब्राउझर म्हणजे सर्च इंजिन' अशाच धर्तीची उत्तरं दिली.

आता कुणी म्हणेल, नाव माहीत नसलं म्हणून काय बिघडलं? काम तर होतंय ना? बऱ्याच वेळा होतं, हे खरं. पण ज्या वेळी होत नाही, त्या वेळी माणसाच्या खिशाला चाट बसते. म्हणून हा फरक जरा सावकाश समजून घेऊ.

एसटीच्या स्टँडवर दोन गोष्टी असतात. एक गाडी आणि दुसरी चौकशीची खिडकी. खिडकीतला माणूस तुम्हाला पंढरपूरला नेत नाही. पंढरपूरची गाडी कुठल्या फलाटाला लागते, एवढं तो सांगतो. नेते ती गाडी. आणि तुम्हाला फलाट आधीच ठाऊक असेल तर खिडकीशी रांग लावायचं काही कारणच नाही, सरळ गाडीत जाऊन बसायचं. ब्राउझर म्हणजे ही गाडी. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज, ऑपेरा ही वेगवेगळ्या गाड्यांची नावं. ब्राउझर तुमच्या स्वतःच्या संगणकात किंवा मोबाइलमध्ये बसवलेला प्रोग्रॅम असतो. सर्च इंजिन म्हणजे चौकशीची खिडकी. ते तुमच्या मोबाइलमध्ये नसतंच. ती दुसऱ्या कुणी तरी, त्यांच्या संगणकांवर चालवलेली सेवा असते. गूगल, बिंग, डकडकगो ही त्यातली नावं. तिथं जायचं तरीसुद्धा आधी गाडीत बसावं लागतं. क्रोम ही गाडी आणि गूगल सर्च ही खिडकी एकाच कंपनीची, इथून खरा घोटाळा सुरू होतो.

मराठीत यासाठी दोन सुरेख शब्द तयार झाले होते. ब्राउझरला न्याहाळक आणि सर्च इंजिनला शोधयंत्र. शोधयंत्र थोडंफार रुळलं, न्याहाळक मात्र मागे पडला. मला त्याचं वाईट वाटतं. न्याहाळणं वेगळं आणि शोधणं वेगळं, हे सांगायला मराठी माणसाला कुठल्या वर्गाची गरज पडली नसती.

न्याहाळक काय करतो? तुम्ही एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिला की तो आधी त्या नावाचा क्रमांक काढतो. आपण मोबाइलमध्ये 'मामा' या नावावर बोट ठेवतो आणि फोन मात्र दहा आकडी नंबरला लागतो, तसंच हे. मग त्या क्रमांकाच्या संगणकाकडून तो पानाचा मजकूर मागवतो. आलेला मजकूर म्हणजे काही तयार चित्र नसतं. 'हे शीर्षक मोठं दाखव, इथं फोटो टाक' अशा सूचनांचं ते बाड असतं. त्या सूचना वाचून पान तुमच्या पडद्यावर मांडायचं, हे ब्राउझरचं काम. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत असा पहिला प्रोग्रॅम लिहिला. १९९३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून मोझेइक आला, त्यात मजकूर आणि चित्रं एकाच खिडकीत दिसू लागली आणि सामान्य माणूस इकडे वळला. आपल्याकडे विदेश संचार निगमानं इंटरनेट लोकांना खुलं केलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

शोधयंत्राची कुळकथा निराळी आहे. कॅनडात माँट्रियल इथल्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटाज नावाच्या विद्यार्थ्यानं १९९० साली 'आर्ची' तयार केलं. जगातल्या वेगवेगळ्या संगणकांवर कुठल्या फायली ठेवल्या आहेत, त्यांच्या नावांची ती यादी होती. लोकांच्या हाती ब्राउझर यायच्या आधीच शोधयंत्र काम करत होतं! दोन्ही एकच असते तर हे शक्य होतं का?

पुढे १९९४ मध्ये याहू आलं. सुरुवातीचं याहू म्हणजे माणसांनी विषयवार लावलेली यादी होती, ग्रंथालयातल्या कार्डांच्या कपाटासारखी. १९९५ च्या अल्टाव्हिस्टानं पानांतला शब्दन् शब्द नोंदवायला सुरुवात केली आणि १९९८ मध्ये कंपनी म्हणून उभ्या राहिलेल्या गूगलनं त्यात एक युक्ती घातली. ज्या पानाकडे इतर वजनदार पानं बोट दाखवतात, ते वर आणायचं.

इथं एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा शोधयंत्र जगभरच्या पानांवर धावत जाऊन शोधत नाही. ते शोधतं स्वतःच्या सूचीत. जाड ग्रंथाच्या शेवटी व्यक्तिसूची, स्थलसूची असते ना, तशी प्रचंड सूची त्यानं आधीच करून ठेवलेली असते. त्यासाठी त्याचे प्रोग्रॅम रात्रंदिवस पानापानांवर हिंडून वाचत असतात. जे त्या सूचीत नाही, ते खिडकीवरच्या माणसाच्या लेखी जगात नाही. तुमच्या बँक खात्याचं पान पासवर्डच्या कुलपाआड असतं, म्हणून ते सूचीत येत नाही. पण पत्ता आणि पासवर्ड दिला की ब्राउझर तेच पान लगेच उघडून दाखवतो.

याचं एक उदाहरण आपल्या मराठीच्याच इतिहासात आहे, आणि ते मला फार बोलकं वाटतं. २००० सालाच्या सुमारास बरीच मराठी वर्तमानपत्रं महाजालावर आली. त्या वेळी प्रत्येकाचा फाँट वेगळा. संकेतस्थळ उघडलं की 'आधी आमचा फाँट उतरवून घ्या' अशी सूचना यायची. तो घेतला नाही तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी दिसायची. याचं कारण असं, की त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. कुठं काना, कुठं अर्धा 'क', कुठं वेलांटी. डोळ्यांना दिसायचं 'ऊस', पण संगणकाच्या पोटात मात्र दोनचार इंग्रजी अक्षरं आणि एखादं चिन्ह असायचं.

ब्राउझरला याचं काही वाटायचं नाही. फाँट मिळाला की तो निमूटपणे आकार काढायचा आणि आपण बातमी वाचायचो. शोधयंत्राची मात्र पंचाईत व्हायची. त्याला डोळे नसतात. ते आकार बघत नाही, पोटातले संकेत वाचतं. त्यामुळे उसाच्या भावाची बातमी पडद्यावर ठळक दिसत असतानाही 'ऊस' शब्द टाकून ती सापडत नसे. पान दिसत होतं पण सापडत नव्हतं. अशा कितीतरी अंकांतला मजकूर मराठी वाचकाला शोधून मिळाला नाही तो यामुळेच. युनिकोडनं हे दुखणं बरं केलं. त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. 'अ'चा क्रमांक २३०९, मग फाँट कुठलाही असो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती, ती आपल्या वर्तमानपत्रांच्या पानांवर यायला मात्र बराच काळ गेला. आज 'ऊस' लिहून शोधता येतं ते या क्रमांकांमुळे.

दोन गोष्टी वेगळ्या असल्यामुळे तुमच्या वावराची नोंदही दोन ठिकाणी राहते. तुम्ही कुठली पानं पाहिली याची यादी ब्राउझर तुमच्या मोबाइलमध्ये ठेवतो. काय काय शोधलंत याची नोंद शोधयंत्रवाल्याकडे राहते, खात्यात शिरून शोधलं असेल तर तुमच्या नावानिशी. एकीकडची पुसली म्हणून दुसरीकडची आपोआप पुसली जाईलच असं नाही. ब्राउझरमध्ये 'इनकॉग्निटो' नावाची काळी खिडकी असते. ती उघडली की आपण अदृश्य झालो, असं तरुण मुलंही समजतात. ती फक्त तुमच्या यंत्रावर मागमूस ठेवत नाही. घरातल्या दुसऱ्या माणसाला कळणार नाही, एवढाच तिचा उपयोग. तुम्ही ज्या संकेतस्थळावर गेलात, त्यांना तुम्ही आल्याचं दिसतंच. याच कारणावरून २०२० साली अमेरिकेत गूगलवर दावा झाला आणि २०२४ मध्ये तडजोड करताना कंपनीनं अशा वावराच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं.

आता मूळ प्रश्न. हा फरक लोकांच्या मनातून पुसला कसा गेला? पूर्वीच्या फायरफॉक्ससारख्या ब्राउझरमध्ये वर दोन चौकटी असायच्या. डावीकडे लांब चौकट पत्त्यासाठी आणि उजवीकडे छोटी चौकट शोधासाठी. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलनं क्रोम आणला आणि दोन्हींची एकच चौकट केली. तुम्ही लिहिलेलं पत्त्यासारखं दिसलं तर गाडी थेट गावाला जाते. नाही तर, म्हणजे मध्ये एखादी मोकळी जागा पडली किंवा शेवटचं 'डॉट कॉम' राहिलं, तर ती चौकशीच्या खिडकीशी जाऊन उभी राहते. बाकीच्यांनीही पुढे हीच वाट धरली. सोय मोठीच झाली, पण आपण पत्ता सांगितला की चौकशी केली, हे माणसाला कळेनासं झालं.

यामागे पैशाचं गणितही आहे. तुमच्या गाडीचा दरवाजा कुणाच्या खिडकीसमोर उघडतो, याला मोल असतं, कारण खिडकीवर जाहिराती असतात. ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये आपलंच शोधयंत्र आधीपासून लावलेलं असावं, यासाठी गूगलनं २०२२ या एका वर्षात ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले, असं अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. तेव्हाच्या दरानं दीड लाख कोटी रुपयांहून अधिक! त्याच खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलनं शोधाच्या बाजारात बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला. गूगलला क्रोम विकायला लावावा अशी सरकारची मागणी होती. ती त्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली, पण दुसऱ्यांना वाट बंद करणाऱ्या करारांना मनाई केली. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला आणि नवा फोन घेणाऱ्याला शोधयंत्र निवडायची मुभा द्या, असंही सांगितलं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन शोधयंत्र बदलणं हे मिनिटभराचं काम आहे. गाडी तीच ठेवून खिडकी बदलता येते. वर्गात हे करून दाखवलं की दोघांतला फरक लोकांना ताबडतोब पटतो, असा माझा अनुभव आहे.

अलीकडे शोधयंत्रं यादीच्या वरती स्वतःच रचलेलं उत्तर देऊ लागली आहेत. प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या कंपन्याही स्वतःचे ब्राउझर काढू लागल्या आहेत. पर्प्लेक्सिटीचा कॉमेट आणि ओपनएआयचा ॲटलास हे दोन्ही २०२५ मधले. खिडकीतला माणूसच आता गाडी चालवायला बसला आहे म्हणा ना! कुठल्या गावाहून माहिती आणली, हे विचारायची सवय आता अधिकच लागेल.

फेब्रुवारी २०१० मधला एक मजेदार प्रकार सांगतो. त्या काळी पुष्कळ लोक फेसबुकवर जायला पत्ता लिहीतच नसत. 'फेसबुक लॉगिन' हे शब्द शोधायचे आणि पहिल्या दुव्यावर टिचकी मारायची. रीडराइटवेब नावाच्या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळानं त्या सुमारास फेसबुकच्या लॉगिनवर एक लेख छापला, आणि गूगलच्या यादीत तो काही काळ वरती आला. झालं! फेसबुकला निघालेली माणसं थेट त्या लेखात येऊन धडकली. रंग वेगळा, नाव वेगळं, पण त्यांना वाटलं फेसबुकनं रूप बदललं. 'आमचं जुनं फेसबुक परत द्या, आत शिरता येत नाही' अशा तक्रारी त्यांनी लेखाखाली लिहून ठेवल्या. शेवटी त्या लोकांना लेखातच ठळक अक्षरात लिहावं लागलं, की बाबांनो, हे फेसबुक नव्हे.

त्या लेखामागे कुणाचा वाईट हेतू नव्हता, म्हणून हसून सोडून देता येतं. पण तिथं एखादा ठग बसला असता तर?

माझ्या वर्गातल्या एका निवृत्त शिक्षकांचं तसंच झालं. एटीएममधून पैसे न येताच खात्यातून वजा झाले, म्हणून त्यांना बँकेकडे तक्रार करायची होती. त्यांनी वरच्या चौकटीत बँकेचं नाव आणि पुढे 'कस्टमर केअर' असं लिहिलं. जो पहिला नंबर आला तो फिरवला. पलीकडचा माणूस अतिशय अदबीनं बोलला. त्यानं एक ॲप उतरवायला सांगितलं, त्यातून गुरुजींचा पडदा त्याला दिसू लागला आणि पेन्शनच्या खात्यातले ८६ हजार गेले. मला जास्त हळहळ वाटली ती पुढच्या भागाची. 'मी बँकेच्याच साइटवर गेलो होतो, क्रोमनंच नंबर दाखवला' असं ते म्हणत राहिले. क्रोम बिघडला, त्यात व्हायरस शिरला, असं समजून ते मोबाइल घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. पोलिसांकडे जायला दोन दिवस उलटले, आणि अशा प्रकरणात पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. बँकेच्या साइटवर आपण गेलोच नव्हतो, कुणी तरी खिडकीवर चिकटवलेली चिठ्ठी वाचून नंबर फिरवला, हे त्यांच्या लक्षात आलं असतं तर निदान ते दोन दिवस वाचले असते.

खिडकीवर अशी चिठ्ठी लागते कशी? एक तर पैसे देऊन. यादीत वर 'प्रायोजित' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ती जाहिरात असते. दुसरं म्हणजे, नकाशावरच्या नोंदीत दुरुस्ती सुचवायची सोय लोकांना असते, तिचा गैरवापर करून. २०१८ साली महाराष्ट्रात बँकेच्या नोंदीतला फोन नंबरच बदलून लोकांना फसवल्याच्या तक्रारी सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. कंपन्या अशा नोंदी काढून टाकतात, नव्या येतात. त्या पाठशिवणीत आपण का सापडावं?

म्हणून पत्ता वाचायला शिकणं आवश्यक आहे. पोस्टाच्या पत्त्यात तालुका-जिल्हा शेवटी असतो आणि पत्र कुठं जाणार ते त्यावरून ठरतं. संकेतस्थळाच्या पत्त्याचंही तसंच. सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्यापुढच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतर पहिली तिरकी रेघ जिथं येते तिथं थांबा, आणि तिथून मागे वाचत या. 'अमुकबँक डॉट बँक डॉट इन' एवढाच पत्ता असेल तर तो त्या बँकेचा. पण 'अमुकबँक डॉट बँक डॉट इन डॉट मदतसेवा डॉट कॉम' असं असेल तर ते घर 'मदतसेवा' नावाच्या कुणा तरी भलत्याचं. बँकेचं नाव त्यानं नुसतं दाराला टांगलं आहे. 'डॉट बँक डॉट इन' ही शेवटची अक्षरं रिझर्व्ह बँकेनं मुद्दाम बँकांसाठी राखून ठेवायची व्यवस्था केली, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी त्या पत्त्यावर यावं असं २०२५ मध्येच फर्मावलं. कुणीही उठून ही अक्षरं विकत घेऊ शकत नाही.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्रावर फार विसंबू नये. तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू येत नाही, एवढंच ते कुलूप सांगायचं. पलीकडचा माणूस सज्जन आहे असं ते कधीच सांगत नव्हतं. गैरसमज होतो म्हणून क्रोमनं २०२३ मध्ये ते चित्रच काढून टाकलं.

वर्गात मी एक तास यासाठीच ठेवतो. प्रत्येकानं बँकेचं पासबुक आणि एटीएम कार्ड घेऊन यायचं. बँकेचा पत्ता छापील कागदावरून किंवा शाखेत विचारून घ्यायचा, तो चौकटीत अक्षर न् अक्षर हातानं लिहायचा, पान उघडलं की मागून वाचून खात्री करायची आणि मग ताऱ्याच्या खुणेवर बोट ठेवून तो साठवायचा. पुढच्या खेपेपासून तिथूनच जायचं. वीजबिल, गॅस, पेन्शन यांचंही असंच. तक्रारीचा फोन नंबर हवा असेल तर तो कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेला असतो, तो वहीत उतरवायचा. त्याच पानावर १९३० हा क्रमांकही लिहायचा. पैसे गेल्याचं लक्षात येताच फोन करायचा तो या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर. त्या वेळी खाते क्रमांक, रक्कम, व्यवहाराची वेळ आणि बँकेच्या एसएमएसमधला व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा. तो एसएमएस पुसू नये.